भगवंतरावांची फटफटी आणि मागचं चाक

४ डिसेंबर १९६०, रविवार. बाळापूर

मैनाला परवा अकोल्याला बायकांच्या दवाखान्यात ठेवून आलो. पाय सुजले, रक्ताचा दाब चढतो. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं की बाळंत होईस्तोवर खाटेवरून उठायचं नाही. याआधीची आमची दोन्ही लेकरं हाती लागली नाहीत. दोन्ही जन्मली ती न रडताच. हे तिसरं.

सासूबाई, मनकर्णाबाई, नांदगाव खंडेश्वरहून धावून आल्या आणि तिच्या उशाशी बसल्या. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "माही पोरगी होय ते. तुमी काहून आभार मानता, जावईबुवा?" तरी मानले. सध्या ज्याला त्याला हात जोडावेसे वाटतात. डॉक्टरीणबाईंना, नर्सला, खाटेलासुद्धा.

अडचण एकच. शाळा पाचला सुटते आणि परत यायची सोय असलेली बस त्याआधीच निघून जाते. रजा सगळी मागच्या दोन वेळांना संपली. सोळा मैल पायी जायचे आणि यायचे, शिवाय सकाळी चौथीला भागाकार शिकवायचा, हे मला जमणार नाही.

आज संध्याकाळी भगवंतराव पाटील दारात. मागे त्याचा गडी, आणि गड्याच्या हातात ढकलत आणलेली ती जुनी फटफटी. (समोर अहोजाहो करतो. इथं कोण ऐकतं? इथं नाही करणार.) ही गाडी त्यानं पाच-सहा वर्षांपूर्वी लष्करी मालाच्या लिलावातून आणली, थोडे दिवस चालवली आणि गोठ्यात झाकून ठेवली. पैसेवाल्यांचे शौक, दुसरं काय. एकटा जीव, घरात ना बायको ना लेकरू.

म्हणाला, "मास्तर, हे घ्या. गोठ्यात सडून राह्यली. तुमाले चालवता येते म्हने."

"तुम्हाला नाही लागत काय?"

"मले आता काहाले लागते?" एवढं बोलून गेलासुद्धा.

माझ्या बापानं या माणसाच्या बापाच्या दाराबाहेर उभं राहून ओंजळीनं पाणी प्यायलं आहे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर मी कोणाचा उपकार घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. आणि आज घेतला. मैनासाठी घेतला. तोंडातून फक्त "बरं" निघालं. आभाराचा शब्द काही केल्या वर आला नाही.

६ डिसेंबर

बाबासाहेबांना जाऊन आज चार वर्षं झाली. सकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या, संध्याकाळी अकोल्याला जाऊन आलो. फटफटी भन्नाट पळते. मैनाला म्हणालो, "तुझ्यासाठी उडत आलो." ती म्हणाली, "हळू या. मले पोट्टं पाहिजे आणि त्याचा बापबी पाहिजे."

९ डिसेंबर, शुक्रवार

एक नवल लिहून ठेवतो. ही गाडी पेट्रोल पितच नाही! पहिल्या दिवशी अकोल्याला टाकी भरली, त्यानंतर रोज बत्तीस मैल होतात, आणि आज काडी घालून पाहिली तर टाकी अर्ध्याच्या वर. गाडीचं कौतुक आहेच, पण चालवणाराही तसाच लागतो. पुलगावच्या लष्करी डेपोत होतो तेव्हा शिकलो, ती विद्या वाया गेली नाही.

आईचं मात्र निराळंच. आई म्हणजे जाईबाई, साऱ्या वस्तीची आजी. म्हणते, "पाटील फाटे येऊन जाते गा. तुया फटफटीपाशी उभा राह्यते."

"पाहायला येत असेल, गाडीला ओरखडा पडला काय म्हणून. इतका भरवसा नाही तर दिली कशाला?"

"हातात डबा असते त्याच्या."

"मग परसाकडे जात असेल, आई. त्यात काय सांगायचं?"

माझं डोकं तापलं होतं खरं. रोज पहाटे येऊन तपासणी! तरी मैना आज हसली, थोडी भाकर खाल्ली, सूज उतरली आहे म्हणतात. त्या आनंदात त्याला माफ केलं.

११ डिसेंबर, रविवार

काल परतताना मागचं चाक बसलं. खिळा. शेवटचा मैल ढकलत आणली. आज सकाळच्या बसनं मैनाला भेटून आलो आणि दुपारपासून चाक काढायला बसलो.

मला फटफटी चालवता येते हे मी साऱ्या बाळापूरला सांगून ठेवलं आहे. खोलता येत नाही हे कोणालाच सांगितलेलं नाही. पण त्यात असं काय आहे? गाडी तिच्या स्टँडवर उभी केली, खाली दोन विटा दिल्या, ब्रेकची कांब सोडवली, चेनची कडी उघडली. आसाची चाकी, म्हणजे नट, काही हलेना. पान्यात लोखंडी नळी घालून त्यावर उभाच राहिलो तेव्हा किंचाळत सुटली. आस ओढून काढला, गाडी तिरकी केली आणि चाक हातात! इतका आनंद झाला की "देवा" म्हणून गेलो. आईनं लगेच टोकलं, "तुया तोंडातला देव काई जात नाई, बौद्ध झाला तरी."

ट्यूब घेऊन सायकलवाल्याकडे गेलो, ठिगळ लावून आणलं. घरी येऊन चाक बसवलं. चेन ताणायला आसाच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. दोन्हीकडचे आटे मोजून अगदी सारखे बाहेर ठेवले, म्हणजे चाक सरळ आलंच पाहिजे. गणित शिकवणारा माणूस आहे मी. आईला म्हणालो, "पाहून घे, तुझ्या लेकानं एकट्यानं केलं."

ती म्हणाली, "एकट्यानं काहून? मीबी हात लावला." मी लक्ष दिलं नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

आज वाचलो, म्हणून हे लिहितो आहे.

शाळा सुटल्यावर निघालो. गावाबाहेर पडताच गाडी डावीकडे ओढू लागली. हँडल उजवीकडे धरून धरून खांदा भरून आला. वाटलं, रस्ताच उतरता असेल. व्याळा गावाच्या अलीकडे समोर कापसाची बैलबंडी, आणि माणूस बैलांना पाणी दाखवायला मध्येच थांबलेला. मागचा ब्रेक दाबला. काहीच नाही! पाय खाली गेला, गाडी तशीच सुसाट. पुढच्या ब्रेकनं जेवढी थांबली तेवढी थांबली, बाकी जोडे घासत नेली, आणि बंडी चुकवून तुरीत शिरलो. वर चेनही उतरली. बंडीवाला म्हणाला, "मास्तर, रस्ता हिकडं हाय."

मला काही लागलं नाही. पण तिथं तुरीत उभा असताना मनात आलं, मी इथं मेलो असतो तर मैनाला कोणी आणि कसं सांगितलं असतं? तिचा तो रक्ताचा दाब! बंडीवाल्यानं गाडी बंडीला बांधून गावात आणून दिली. भला माणूस, त्याचं नावही विचारायचं राहिलं.

अंगणात चाक काढलं. आत ब्रेकच्या पट्ट्यांवर काळंशार, गिलावा केल्यासारखं वंगण. एरंडीचं तेल आणि जाळलेल्या तणसाची काजळी, बंडीच्या चाकाला घालतात ते. मी ओरडलो, "हे कोणी केलं?"

"मी केलं," आई म्हणाली. "तू गेल्ता ट्यूब घेऊन. चाक उघडं पडलं होतं. आत पाह्यलं तं कोरडं ठाक! चाकाले वंगण नाई दिलं तं चाक रडत नाई काय?"

मी नको ते बोललो. जीव घेतला असतास, अडाणी ती अडाणी, इतकं बोललो.  मग आई म्हणाली, "तुया बापानं सारी जिंदगी दुसऱ्याच्या बंडीच्या चाकाले वंगण घातलं. आपल्या दारात पह्यल्यांदा चाक आलं, तं म्या दोन बोटं नाई लावाव काय?"

तेव्हा कुठे दिसलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. कालपासून धुऊनही निघाले नव्हते, आणि मी ते पाहिलेसुद्धा नव्हते.

१३ डिसेंबर, मंगळवार

मैनाकडे जाता आलं नाही. बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला की शाळेत तपासणी आहे. खोटं बोललो, पण तुरीतलं सांगून तिचा दाब कशाला वाढवू?

टाकीत पेट्रोल अजून भरपूर, त्यातलंच काढून ब्रेकच्या पट्ट्या धुतल्या. आईनं त्या चुलीच्या निखाऱ्यावर पापडासारख्या शेकल्या. तेल धुराबरोबर निघून गेलं, मग मी काचकागद मारला. काम करता करता तीच म्हणाली, "वंगण म्या लावलं, मीच काढतो." आमचं भांडण असंच मिटतं. अशी आई मिळाली हे माझं भाग्य, हे तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. ती म्हणेल, तापबीप आला काय?

ब्रेक लागू लागला. पण चाक तिरपंच. आटे पुन्हा मोजले. सारखे. गाडी ढकलून पाहिली, तर धुळीत दोन चाकांच्या दोन निरनिराळ्या वाटा उमटल्या. सारखं आहे तरी वाकडं आहे. हे कोणत्या शाळेचं गणित?

हातावरची राख झाडत आईनं नसता विषय काढला. "पाटलाची बायको, पार्वताबाई, अशाच दिवसात गेली. अकोल्यालेच नेत होते बंडीत. व्याळाबी नाई आलं. पोटातल्या लेकरासगट गेली माय रस्त्यात." मी तिथंच तोडलं. सून दवाखान्यात पडली आहे आणि या बाईला हेच आठवावं! कोणत्या वेळी काय बोलावं याची काही रीत आहे की नाही?

आणि त्याच पाटलानं संध्याकाळी येऊन उभं राहावं. म्हणाला, "मास्तर, आज गेले नाई?"

"चाक वाकडं बसतं."

चेहरा असा पडला की मला रागच आला. एवढा जीव गाडीत! मी म्हणालो, "मोडली नाही तुमची गाडी. दुरुस्त करून देईन."

तो निघून गेला. थोड्या वेळानं परत आला तो फडक्यात बांधलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन. गाडीबरोबर आलेलं. "मले वाचता येत नाई. तुमी पाहा."

१४ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला. भल्या सकाळी, शाळेच्या आधी, चाक सरळ झालं!

पुस्तकात लिहिलं आहे की आट्यांवर विसंबू नका. मागच्या चाकाला दोरा लावून तो पुढच्या चाकापर्यंत ताणा. का, ते मग दिसलं. डावीकडची ताणपट्टी, स्क्रू ज्यात बसतो ती, कधीतरी कोणीतरी बदललेली, उजवीपेक्षा आखूड. दोन्हीकडे सारखे आटे ठेवले की चाक वाकडंच येणार. मी पट्टीला शिव्या दिल्या आणि पुस्तकाला नमस्कार केला.

आईनं वाकळी शिवायचा दोरा आणला. मागे ती दोरा धरून बसली, मी मध्ये पाना घेऊन, पुढे कोणी नाही. भगवंतराव दगडावर बसून पाहत होता. मी त्याला सांगणार नव्हतो. माझं काम, माझं मी करीन. पण दोरा पुढे धरल्याशिवाय होईना, आणि मी वळून बोलायच्या आत तो पुढच्या चाकाशी जाऊन पालथा पडलेला. पांढरंशुभ्र धोतर, आणि आमच्या अंगणातल्या धुळीत पोटावर! एक गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून.

आई म्हणाली, "पाटील, धोतर खराब होईन."

"होऊ द्या, जाईबाई. दोरा ताना."

पहिल्यांदा चुकलोच. मी म्हणत होतो, दोरा दोन्ही चाकांना टेकला पाहिजे. टेकवायला गेलो की आणखी वाकडं. मग पुढचं पान वाचलं. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे दोरा मागच्या टायरला पुढून-मागून टेकवायचा आणि पुढच्याला शिवूच द्यायचा नाही. दोन्ही बाजूंना फट सारखी हवी, बस. फट मोजायची कशानं? आई घरातून मूठभर ज्वारी घेऊन आली. दोरा आणि टायर यांच्यामध्ये दाणे ठेवून पाहायचे.

भगवंतराव खालून ओरडे, "मास्तर, तुमच्या अंगाले दाना जास्त होते!" मी डावा स्क्रू थोडा फिरवी. "आता हिकडं जास्त!" मी परत फिरवी. आई मागून, "हलू नका रे, माह्या बोटाले दोरा कापून राह्यला!" तिघंही घामाघूम. वस्तीतली माणसं कुडावरून पाहत होती. एक म्हातारा म्हणाला, "फटफटीची कुंडली मांडून राह्यले काय गा?"

शेवटी तो म्हणाला, "बराबर. दोन्हीकडं बराबर." मी आसाची चाकी घट्ट आवळली, पुन्हा दोरा लावून पाहिलं, कारण आवळताना हलतं असं पुस्तक म्हणतं. हललं नव्हतं. चेन बोटानं दाबून पाहिली, थोडी ढिली हवी तितकीच ढिली होती. तो उठला तेव्हा नाकापासून पायापर्यंत माती. धोतरही झटकलं नाही. म्हणाला, "मंग आज जा अकोल्याले." आणि निघून गेला.

आज तरी म्हणायला हवं होतं. पुन्हा राहिलं. मनात मात्र आलं, हा माणूस गाडी पाहायला येत नसावा. मग कशाला येतो?

१५ डिसेंबर

काल जाऊन आलो. हँडल सोडून दोन्ही हात वर केले तरी गाडी तिच्या वाटेनं सरळ! (मैनाला हे सांगितलेलं नाही.) तिला दोऱ्याची गोष्ट सांगितली. पाटील पालथा पडला म्हटल्यावर तिला खरंच वाटेना. म्हणाली, "आपल्या अंगनात?" मग छताकडे पाहत म्हणाली, "त्याईले काही बोलले की नाई तुमी? का आपले 'बरं' म्हनून मोकळे?"

किती ओळखते मला.

२० डिसेंबर, मंगळवार

कालचं आज लिहितो आहे. काल दवाखान्यातच होतो.

काल दुपारी वर्गात होतो. भगवंतराव शाळेच्या दारातून धावत आत आले. एवढं थोराड शरीर, पायात वहाण नाही, धापा टाकत. हल्ली ते रोज बसच्या वेळी स्टँडवर बसलेले असतात, कापसाचा भाव विचारत असतील. कंडक्टरनं निरोप त्यांनाच दिला होता. "मास्तर, मैनाबाईचं पोट दुखून राह्यलं, डॉक्टरीननं बलावलं. जा! पोरं मी पाह्यतो." चौथीचा वर्ग त्यांच्या हाती सोडून मी पळालो. चार वाजेपर्यंत दुसरी बस नव्हती.

रस्ता आठवतच नाही. एवढंच आठवतं की मागचं चाक एकदाही कुरकुरलं नाही, आणि मोर्णा नदीच्या पुलापाशी म्हैस आडवी आली तेव्हा पाय ठेवताच ब्रेक लागला.

दवाखान्यात सासूबाई दारातच. मैनाला झटके आले होते. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, पोट कापून लेकरू काढावं लागेल, अंगठा द्या. सासूबाई अडून बसल्या होत्या, "जावई आल्याबिगर मी अंगठा देत नाई." भीतीनंच, दुसरं काय. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सही केली. कशावर केली तेही वाचलं नाही.

मग बाहेर बाकावर बसलो. कधी देव म्हणत होतो, कधी बुद्धं सरणं. जे आठवेल ते. मागच्या दोन्ही वेळी आतून जी शांतता आली होती तीच पुन्हा येते काय, एवढंच ऐकत होतो.

आणि रडणं आलं. असं खणखणीत रडणं! मी लहान पोरासारखा भिंतीला डोकं लावून रडलो. मुलगी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "वेळेवर आलात. चारच्या बसनं येता, तर दोघींपैकी कोणाचंच मी सांगू शकले नसते." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी पडू दिलं नाही.

मैना आज सकाळी नीट शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडलेले. म्हणाली, "पोरगी हाय म्हने."

"हो."

"रडते?"

"साऱ्या दवाखान्याला झोपू दिलं नाही."

"रडू द्या," म्हणाली, आणि डोळे मिटून ते रडणं ऐकत पडून राहिली.

दुपारी बाळापूरला आलो. आधी आईला सांगितलं. तिनं माझी दोन्ही कानशिलं धरून बोटं मोडली, मग शेजारणीला, मग साऱ्या वस्तीला ओरडून सांगत सुटली. मी तसाच भगवंतरावांकडे गेलो. या वेळी मी म्हणणारच होतो. सोळा मैल मनात घोकत आलो होतो की भाऊ, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या बापाची आठवण आली तर येऊ दे, तरी म्हणायचं.

ते ओट्यावरच होते. मला पाहून उभे राहिले, पण पुढे येईनात. विचारीनातही.

मी म्हणालो, "पोरगी झाली, भाऊ. दोघी बऱ्या आहेत."

"दोघीबी?"

"हो. दोघीबी."

"रस्त्यात काई झालं नाई नं?"

"नाही. अगदी वेळेवर पोचलो. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या तसं."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग माझ्याकडे पाठ फिरवून, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून, हळूच म्हणाले, "ऐकलं काय व, पार्वता? वेळेवर पोचले."

आत तर कोणीच राहत नाही.

घोकलेलं सारं राहूनच गेलं. मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो.